सवतीला अहो-जाहो

सवत दारावरून चालली होती तेव्हा माहुताची बायको गल्लीतल्या दोरीवर ओल्या चादरी टाकत होती.

आधी दोरी थरथरली. मग समोरच्या न्हाव्याच्या दुकानातली काच वाजली. मग चादरीपलीकडे अंधारून आल्यासारखं झालं आणि तिला वाटलं, आलं वाटतं आभाळ भरून. धुतलेलं सगळं परत आत न्यायचं म्हणून तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि चादर बाजूला सारली. समोर आभाळ नव्हतं, केस होते. तांबूस, गुंतलेले, हातभर लांब केस, जमिनीपासून थेट छपराच्या पन्हाळीपर्यंत. आणि पार वर, त्या केसांच्या आडून बघणारा वाटीएवढा तपकिरी डोळा.

तिने हे जनावर आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तरी ओळखायला क्षण लागला नाही. सवतीची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही.

माहूत बावीस वर्षं फौजेत होता. वर्षातून पंधरा दिवस घरी, आणि उरलेले साडेअकरा महिने सीमेवर, बाईसाहेबांच्या मानेवर. बाईसाहेब म्हणजे ही. फौजेच्या दप्तरात ती मॅमथ नंबर सदतीस होती. बाईसाहेब हे नाव माहुताने ठेवलेलं. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटलं होतं, लढाई ती काय, पेरणीपर्यंत आटपेल. ती आटपली तेव्हा दोघांचेही केस पिकले होते. मधल्या काळात दर वर्षी बर्फ वितळलं की सीमेवरून एक पोतं यायचं. पोत्यात बाईसाहेबांच्या अंगावरची विंचरून काढलेली लोकर, आणि लोकरीत खुपसलेलं चार ओळींचं पत्र. "मी बरा आहे. डाव्या पायात काटा गेला होता तो काढला. भूक चांगली आहे. झोप आता लागते." पाय, भूक आणि झोप कोणाची, हे तिने कधी उलट विचारलं नाही. मोजे विणून विकणं हा तिचा धंदाच होता, त्यामुळे त्याच लोकरीचे मोजे विणून ती नवऱ्याला पाठवायची. "सवतीच्या केसांत नवऱ्याचे पाय," ती शेजारणीला म्हणायची, "आणि विणायला मेली मी!"

तह झाला, मॅमथांची तुकडी याच शहराबाहेर, परक्यांना शिरायला बंदी असलेल्या छावणीत बांधली गेली, आणि माहूत निवृत्त होऊन घरी आला. त्याला दोन वर्षं झाली. म्हणजे त्याचं शरीर आलं होतं. ते वेळेवर जेवायचं, लाकडं फोडायचं, विचारलं तर "हं" म्हणायचं. आमटीत मीठ आहे की नाही हे त्या शरीराला कळत नसे. एका दुपारी डोळा लागलेला असताना त्याने बायकोच्या खांद्यावर थोपटलं आणि अगदी मायेने म्हणाला, "शाब्बास, बाईसाहेब. आता थोडंच अंतर." त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही.

तर अशी ही बाईसाहेब. खरं म्हणजे ती त्यांच्या घरी आलीच नव्हती. ती आपल्या वाटेने उत्तरेकडे निघालेली होती, आणि माहुताची बायको गप्प राहिली असती तर चार पावलांत गल्ली ओलांडून गेलीही असती. पण दारावरून डोंगर चालला असताना गप्प बसेल ती बायको कसली! तिने घराकडे तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून नवऱ्याला हाक मारली, "अहो! ऐकलंत का?"

मॅमथ जागच्या जागी थांबली. उचललेला पाय तिने हळूच खाली ठेवला, कान ताठ केले आणि दगडासारखी उभी राहिली.

माहूत मोरीतून तसाच बाहेर आला, अंगावर पंचा, एका कानात साबण. दारात येऊन त्याने वर पाहिलं. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की बायकोने नकळत मान फिरवली. या चेहऱ्याची वाट तिने दोन वर्षं पाहिली होती. आला, पण तिच्यासाठी आला नाही.

"बाईसाहेब!" तो म्हणाला.

समोरच्या दुकानातून न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला. त्याच्यामागून मानेला फडकं बांधलेले, एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्या गालावर फेस असलेले सुभेदारसाहेब आले. मॅमथांची तुकडी त्यांच्याच ताब्यात होती.

"हा तर सदतीस नंबर!" सुभेदार ओरडले. "सुटली कशी ही?"

गल्लीतली माणसं दारादारांत जमू लागली. आणि सगळ्यांसमोर नवरा पंचावर उभा राहून एका केसाळ जनावराकडे बघत रडतोय, हे बायकोला सहन होईना.

"उभे काय राहिलात?" ती त्याच्यावर खेकसली. "चला, आत या आधी!"

माहुताने "नको, नको" म्हणून हात वर केले, पण उशीर झाला होता. मॅमथ वळली. सोंड, सुळे, कपाळ असं एकेक दारातून आत सारत ती मानेपर्यंत घरात आली आणि तिथे अडकली. चौकट तिच्या गळ्यात ताईत घातल्यासारखी बसली. सुळे चुलीच्या दोन्ही बाजूंना, आणि सोंड मोज्यांच्या टोपलीत. माहूत आणि त्याची बायको आत, मॅमथचं बाकीचं सगळं बाहेर, आणि मध्ये वाट अशी उरलीच नाही.

"वहिनी, जिवंत आहात ना?" न्हाव्याने बाहेरून विचारलं.

"आहे! पण हिला आधी बाहेर काढा!"

तेवढ्यात फौजेचा नवा माहूत धापा टाकत पोहोचला. हा गोल अंगाचा, नियमाने चालणारा माणूस होता आणि त्याच्या काखेत एक वही होती. मॅमथच्या शेपटीमागे उभं राहून त्याने दरडावलं, "ए, चल गं! हो मागे!" मॅमथने शेपटीसुद्धा हलवली नाही. मग त्याने वही उघडली. निवृत्त होताना जुन्या माहुताने आपल्या जनावराचे सगळे हुकूम तीत लिहून दिले होते. "मागे हटणे, हुर्रऽ! थांबणे, धत्! वळणे, हिर्रऽ हिर्रऽ!" नवा माहूत सगळी वही घसा ताणून वाचत राहिला. गल्लीतली दोन कुत्री तेवढी मागे हटली.

"बघा साहेब," तो शेवटी वही मिटून म्हणाला. "दोन वर्षं मी हेच सांगतोय. ठार बहिरी आहे ही."

"मग ठरलं," सुभेदार फेस पुसत म्हणाले. "फौजेला बहिरं जनावर काय कामाचं? उद्या हिची रवानगी दगडाच्या खाणीवर. तिथे ऐकावं लागत नाही, नुसतं ओढावं लागतं."

घरात माहूत मटकन स्टुलावर बसला. बायकोने पाहिलं, तो दुःखी तर दिसत होताच. पण त्याचे कान लालबुंद झाले होते. असे कान तिने याआधी एकदाच पाहिले होते, लग्नाच्या दिवशी.

"काय लपवताय?" तिने विचारलं.

"कुठे काय?" तो म्हणाला आणि जमिनीकडे बघू लागला.

चौकटीभोवतालचा गिलावा सगळीकडे पडला होता. बायकोला राग आला की ती झाडायला घ्यायची. आताही तिने कोपऱ्यातली केरसुणी ओढली आणि फराफरा झाडत स्टुलापर्यंत आली. "पाय वर घ्या!" ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने घेतले. बाहेर मॅमथनेही घेतला. पुढचा उजवा, चांगला खांद्याएवढा उंच. लोक किंचाळत मागे सरले आणि पाय खाली आला तो न्हाव्याने गिऱ्हाइकांसाठी बाहेर टाकलेल्या बाकावर. बाकाचा भुगा झाला.

"अरे, माझा बाक!" न्हाव्याचा आवाज आला.

बायकोची केरसुणी थांबली. तिने मॅमथच्या डोळ्यात पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा डोळ्यात. मग अगदी हळू, पुटपुटल्यासारखं ती म्हणाली, "पाय वर घ्या."

बाहेर पुन्हा किंकाळ्या.

"अगं, नको ना," माहूत कळवळून म्हणाला. "त्या न्हाव्याचा उंबरा जाईल."

"हे माझं बोलणं आहे," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला बोलते. झाडताना. आपल्या घरात."

त्याचे कान आणखी लाल झाले.

"आणि 'आत या'? आणि 'ऐकलंत का'? तेही माझंच?"

माहुताने कानातला वाळलेला साबण खरवडला. मग खाली मान घालून सांगायला लागला.

"प्रत्येक माहुताला आपले वेगळे हुकूम करावे लागतात. शत्रूला कळले तर तो आपलंच जनावर आपल्यावर घालील ना! बाकीचे हुर्र, धत् असलं काहीतरी करायचे. मला पहिल्या दिवशी विचारलं, तुझे हुकूम काय? मी नुकताच घरून गेलेलो. आठ दिवस कोणी मला 'ऐकलंत का' म्हटलं नव्हतं." त्याने सोंडेवरून हात फिरवला. "तिथे सगळं बर्फ. बोलायला कोणी नाही. मग मीच म्हणायचो. मीच तुझ्यासारखं म्हणायचो आणि तिला ऐकवायचो. सकाळी उठून 'पाय वर घ्या' म्हटलं की तुझी केरसुणी ऐकू यायची मला."

"म्हणजे तुम्ही या जनावराला अहो-जाहो करत होता? सगळ्या फौजेसमोर?"

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "तिच्या कानाशी वाकून, हळूच. फौजेला कधी कळू दिलं नाही. जाताना वहीतही लिहायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्यांचेच हुर्र, धत् लिहून दिले. काय लिहिणार? बायको बोलते ते?"

बायको खाली बसली. बावीस वर्षांची चार-चार ओळींची पत्रं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. "मग मला एका ओळीत लिहायला काय झालं होतं?" असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला वास आला.

सकाळी चुलीवर ठेवलेलं दूध ती साफ विसरली होती. तिने वळून पाहिलं तर फेस पातेल्याच्या काठावर आलेला.

"अगं बाई!" ती ओरडली. "दूध उतू चाललंय!"

माहुताच्या चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. "ते नको," तो कसाबसा म्हणाला, आणि त्याने बायकोला कवेत घेऊन कोपऱ्यात उडी मारली.

कारण 'दूध उतू चाललंय' हा चढाईचा हुकूम होता. याच तीन शब्दांवर बाईसाहेबांनी शत्रूच्या तीन किल्ल्यांचे दरवाजे फोडले होते. हा हुकूम दिल्यावर ती कशी धावायची हे सुभेदारांनीही लांबून पाहिलं होतं. फक्त समोर किल्ला असताना, स्वयंपाकघर असताना नव्हे.

ते घर पूर्वी गाड्या ठेवायचा गाडीखाना होता. उंच लाकडी खांबांवर छप्पर, आणि भिंती मागाहून घातलेल्या. म्हणून छप्पर तेवढं राहिलं. पुढची भिंत चौकटीसकट आत आली, मागची भिंत बाहेर गेली. मधल्यामध्ये चूल, दूध, मांडणी आणि हिवाळ्यासाठी विणून ठेवलेले नव्वद जोड मोजे यांचं काय झालं ते धुरळ्यात दिसलं नाही.

"अहो! ऐकलंत का?" बायको कोपऱ्यातून ओरडली.

मॅमथ परसात, विहिरीच्या अलीकडे दोन हातांवर थांबली. गळ्यात चौकट तशीच होती आणि एका सुळ्यावर एक मोजा.

धुरळा खाली बसला तेव्हा गल्लीतले लोक घरातून आरपार पलीकडचं माळरान बघत होते. सुभेदार मांडणीचे तुकडे ओलांडत आत आले. दोन्ही गाल आता सारखेच पांढरे झाले होते. पण माणूस हुशार होता. त्यांनी मॅमथकडे पाहिलं, माहुताच्या बायकोकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

"बाई, ही तुमचं ऐकते!"

"ऐकते खरी."

"मग ही बहिरी नाहीच! खाण रद्द. उद्यापासून तुम्ही रोज सकाळी छावणीत यायचं. तुम्ही हुकूम द्यायचे, हा वहीत उतरून घेईल." नवा माहूत लगेच पेन्सिल शोधू लागला. "अजून दहा-पंधरा वर्षं सहज चालेल हे जनावर. चला, आता हिला परत छावणीकडे वळवा."

माहुताच्या बायकोने मॅमथकडे नीट पाहिलं. इतका वेळ तिने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं, आपल्या रागाकडेच पाहिलं होतं. बाईसाहेबांच्या मानेवर दोराने घासून केस गेलेला एक पट्टा होता. एक कान टोकाला फाटलेला. आणि ती कोणाकडेच बघत नव्हती. ती माळरानापलीकडे डोंगराच्या धारेकडे बघत होती. तिथे मुंग्यांएवढे तांबूस ठिपके हलत होते, आणि वाऱ्यावर एक लांब, खोल आवाज येत होता. कानापेक्षा छातीलाच आधी कळावा असा.

"रानातला कळप आहे," माहूत बायकोच्या शेजारी येऊन म्हणाला. "बर्फ वितळलं की खाली उतरतो. हिला पकडली तेव्हा ही जेमतेम माझ्या कमरेएवढी होती. दर वर्षी या दिवसांत ती अशीच उभी राहायची, त्या आवाजाकडे तोंड करून. आठ-आठ दिवस खायची नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"दोर घट्ट करायचो," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि मग रात्रभर तिच्यापाशी बसायचो. मलाही घरची आठवण यायची. दोघं बसायचो."

बायकोने पदराने तोंडावरचा धुरळा पुसला. बराच वेळ पुसला. मग विचारलं, "कूच करायचा शब्द काय?"

त्याने तो तिच्या कानात सांगितला. मग मोडक्या भिंतीच्या ढिगाऱ्यावरून उतरून ती परसात गेली, मॅमथच्या गळ्यातली चौकटीची लाकडं तिने हाताने ओढून मोकळी केली, सुळ्यावरचा मोजा काढून घेतला. मॅमथची सोंड तिच्या केसांवरून एकदा फिरली. माहुताची बायको तिच्यासमोरून बाजूला झाली आणि, नवरा सुट्टी संपवून निघाला की दर वर्षी दारात उभी राहून म्हणायची तसं, तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "लवकर या."

बाईसाहेब निघाल्या. विहिरीला वळसा घालून, कुंपण पायाखाली घेऊन, सरळ उत्तरेकडे.

"अहो बाई, छावणी तिकडे नाही!" सुभेदार ओरडले. "थांबवा तिला!"

"तुम्ही थांबवा की," ती म्हणाली. "वही आहे ना तुमच्याकडे!"

नव्या माहुताने धत् म्हणून पाहिलं. सुभेदारांनी तोंडाशी हात धरून "थांब! ए, थांब!" केलं. एव्हाना नवा माहूत काय ते समजला होता. तो दबकत म्हणाला, "साहेब, अहो-जाहो करावं लागेल बहुतेक." सुभेदारांनी मागे पाहिलं. अख्खी गल्ली मोडक्या घरातून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अहो... ऐकलंत का?"

गल्लीभर हशा पिकला. न्हावी तर बाकाचं दुःख विसरून पोट धरून खाली बसला. बाईसाहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. तो स्वर त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"बाई, तुम्ही हाक मारा!" सुभेदार लालबुंद होऊन म्हणाले. "हा फौजेचा हुकूम आहे!"

"मारली असती हो," माहुताची बायको खणखणीत आवाजात म्हणाली, "पण धुरळ्याने घसा बसलाय माझा."

सुभेदारांच्या मनात आलं असावं, की मॅमथ कशी गेली हे वरच्या साहेबांना सांगायचं तर आपण काय म्हणालो हेही सांगावं लागेल. त्यांनी नव्या माहुताच्या हातून पेन्सिल घेतली आणि स्वतः लिहिलं, "नंबर सदतीस. पूर्ण बहिरी. नावावर काट मारावी." आणि उरलेला गाल करून घ्यायला ते न्हाव्याच्या दुकानात परत गेले.

मॅमथ माळरान अर्धं ओलांडून गेली होती. माहूत आणि त्याची बायको ढिगाऱ्यावर बसून बघत होते.

"अजून ऐकू जाईल तिला," बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर मारते हाक. थांबेल ती."

ठिपका लहान होत गेला. डोंगराच्या पायथ्याशी पोहोचला. दुसरे ठिपके त्याच्याकडे सरकले, आणि मग त्यातला कोणता आपला ते कळेनासं झालं.

"नको," तो तेव्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. पुढची भिंत त्याने चार दिवसांत उभी केली आणि मागच्या बाजूला दोरी लावून मापं घ्यायला लागला, तर माहुताची बायको म्हणाली, "ती राहू द्या थोडे दिवस."

"अहो ताई, वारा येईल ना आत!"

"येऊ द्या."

उरलेले मोजे घेऊन ती तिथेच बसू लागली, उत्तरेकडे तोंड करून. विणता विणता मध्येच सुया थांबायच्या आणि ती डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून डोंगराकडे बघायची. कळप चरत चरत धारेवरून पलीकडे उतरला, तरी बघायची. असे दहा-बारा दिवस गेल्यावर माहूत एका संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसला.

"अगं," तो तिला समजावत म्हणाला, "ती काही आता येणार नाही."

"कशावरून?"

"रानातलं जनावर ते. कळपात गेलं. आणि त्या हुकुमाचा अर्थ नुसता 'निघा' असा होता. परत येण्याचं त्यात काही नव्हतं."

"तुमच्या लेखी नसेल," ती म्हणाली. "मी बावीस वर्षं म्हणत होते. तुम्ही तरी कुठे लवकर आलात? पण आलात ना!"

माहुताने यावर बराच विचार केला. मग तो उठला, आत जाऊन दोघांसाठी आमटी वाढून घेऊन आला आणि एक घास खाऊन थांबला.

"मीठ कमी आहे आज," तो म्हणाला.

बायकोच्या हातातल्या सुया खाली पडल्या. मीठ चांगलं चिमूटभर जास्तच होतं. तरी तिने उठून मिठाचं भांडं आणून त्याच्यापुढे ठेवलं. सुरुवात तर झाली होती.